ओटीपी, टॉवेल आणि पलंगाचा कठडा

बाळ काल दुसऱ्यांदा पलंगावरून पडलं. पलंगाला लावायचा कठडा आज मागवायचाच, असं तिनं ठरवलं. पण क्रेडिट कार्ड नवऱ्याचं, आणि नवरा ऑफिसातून ऑनलाइन सुरक्षेचं एक दिवसाचं शिबिर करून आलेला. तेव्हापासून त्याला घरातला पंखासुद्धा संशयित वाटे.

त्यानं पडदे ओढले. वेबसाइटच्या पत्त्याशेजारचं कुलूप तीनदा तपासलं. मग वाफ घेतात तसा डोक्यावर टॉवेल घेऊन लॅपटॉपवर वाकला आणि कार्डाचा नंबर भरू लागला.

"अहो, इथं मी आणि बाळच आहोत!"

"माहिती घरातूनच फुटते."

फोन आणि कार्ड एका खोलीत ठेवायचं नाही, हा त्याचा स्वतःचा शोध. त्यामुळे ओटीपी आला तो स्वयंपाकघरात.

"आला हो! चार, सात..."

"गप्प! ओटीपी कुणालाही सांगायचा नाही!"

"तुमचाच आहे ना?"

"नियम म्हणजे नियम!"

त्यानं लॅपटॉप बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन आकडे पाठ केले आणि परत येऊन अठरा अक्षरी पासवर्ड टाकला. तोवर आकडे विसरला, आठवले तसे भरले आणि ते चुकले. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो स्वयंपाकघरात गेला, तर फोनच वाजला.

"बँकेतून बोलतेय. तुमचं कार्ड ब्लॉक झालंय, कृपया शाखेत..."

"लाज नाही वाटत, चोरांनो?" म्हणत त्यानं फोन कट केला आणि विजयी चेहऱ्यानं बायकोकडे पाहिलं.

तिनं ड्रॉवरमधून त्याचं दुसरं कार्ड उचललं, बाळाला कडेवर घेतलं आणि फर्निचरचं दुकान गाठलं.

तासाभरानं ती कठडा घेऊन परतली, तर स्वारी फोनवर अगदी विरघळून बोलत होती.

"कोण आहे?"

"बँकेचे साहेब. खरे! माझ्याइतका सावध ग्राहक त्यांनी पाहिला नाही म्हणे," तो फोनवर हात ठेवून कुजबुजला आणि परत फोनकडे वळला. "नाही हो सर, कार्डामागचे तीन आकडेसुद्धा बरोबरच सांगितले. ब्लॉक आहे त्याला मी काय करू? चिडू नका ना! दुसरं देतो."

त्यानं ड्रॉवर उघडला. रिकामा! तिनं शांतपणे पर्सची चेन लावली.

"माफ करा सर," तो शरमून म्हणाला, "दुसरं बायकोकडे आहे, आणि ती देत नाहीये. तिला सुरक्षेतलं काही कळतच नाही हो!"