कारेगावचं डोंगरी सायकल मंडळ

जी वस्तू कामाला येते तिला घरात मान नसतो. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण सगळीकडे पाळला जातो. खराटा दाराआड उभा असतो, पाटा-वरवंटा कोपऱ्यात असतो, आणि सासू (हातपाय हलत असेपर्यंत) चुलीपुढं असते. ती कामातून गेली की तिचा फोटो होतो. मग तिला हार मिळतो.

सायकलीचंही तसंच आहे. आमच्याकडे एक काळी सायकल होती. तिच्यावरून दूध डेअरीला जायचं, दळण गिरणीत जायचं, एकदा तर आजारी बोकड शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन बरा होऊन परत आला. तिला कधी कुणी पुसलं नाही. ती गंजली, मोडली, भंगारात गेली. मग माझ्या थोरल्या लेकानं, मल्हारनं, जुनी मोटारसायकल विकली आणि डोंगरी सायकल आणली.

डोंगरी सायकल म्हणजे डोंगर चढायची सायकल. कारेगावात डोंगर नाही. पूर्वी एक टेकाड होतं, ते कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला मुरूम लागला तेव्हा खणून नेलं. ज्या साली टेकाड संपलं, त्याच्या पुढच्याच साली या सायकली आल्या. यावरून आमच्या पोरांची दूरदृष्टी दिसते. टेकाड शिल्लक असतं तर ते चढावं लागलं असतं.

बघता बघता सात जण झाले आणि ‘कारेगाव पंचक्रोशी डोंगरी सायकल मंडळ’ स्थापन झालं (नोंदणी प्रलंबित). अध्यक्ष पोपटराव. त्यांच्या खोल्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या आहेत, त्यामुळे त्यांना वेळ भरपूर असतो. चिटणीस म्हस्कू. त्याला लिहिता येतं. मी स्वतः पाच वर्षं पंचायतीत महिलांच्या राखीव जागेवर होते. मी नुसती सही करायची, बाकीचं पुरुषमाणसं बघतील, असं सर्वानुमते ठरलेलं होतं. पण मी दुसरीतल्या शिक्षणाच्या जोरावर प्रत्येक ठराव वाचून मगच सही करायचे, त्यामुळे सभा लांबायच्या. त्या अनुभवावरून सांगते, एवढं शिस्तीत चाललेलं मंडळ मी दुसरं पाहिलं नाही.

मंडळाची स्थिती अशी होती. एकूण सायकली सात. प्रत्येक सायकलीला एकवीस गिअर, म्हणजे एकूण गिअर एकशे सत्तेचाळीस. वापरात असलेले, प्रत्येकी एक. बाकीचे एकशे चाळीस चढासाठी राखून ठेवलेले होते.

मंडळाचं मुख्य कार्य सुधारणा. सुधारणा म्हणजे सायकलीचं वजन कमी करणं. पहिल्या सुधारणेत कॅरिअर काढलं, कारण ते जड असतं. दुसऱ्या सुधारणेत मडगार्ड गेलं. तिसऱ्या सुधारणेत स्टँड आणि घंटी. काढलेली प्रत्येक वस्तू मल्हार माझ्याकडे आणून टाकायचा. मी कॅरिअरवर गरम पातेली ठेवायची, मडगार्डातून कोंबड्यांना पाणी पाजायची आणि घंटी शेळीच्या गळ्यात बांधली. म्हणजे सायकलीतला जो भाग कामाचा होता तो घरात आला आणि उरलेला भाग मंडळात गेला.

मग पुण्याहून हलके भाग येऊ लागले. हलका दांडा, हलकी सीट, हलकं पायडल. वस्तू जितकी हलकी तितकी ती महाग असते, हे मला तेव्हा कळलं. भाजीच्या बाबतीत हे उलट आहे. एकदा पोपटरावांनी अंगणात सायकल एका बोटावर उचलून दाखवली.

"काकी, बघा. पहिल्यापेक्षा दीड किलो कमी!"

"अन् तुम्ही, पोपटराव?"

"मी काय?"

"तुम्ही पहिल्यापेक्षा किती?"

त्यावर त्यांनी सायकल खाली ठेवली आणि पाणी मागितलं. दर रविवारी मोहीम झाल्यावर फाट्यावर मिसळ असते (पाव मोजत नाहीत), हे मला ठाऊक होतं. पण मी पुढं बोलले नाही. माणसानं एका वेळी एकच वस्तू हलकी करावी.

स्टँड काढल्यामुळे सायकल उभी कशी करायची, हा प्रश्न आला. भिंत असेल तर भिंतीला. माळावर भिंत नसते, म्हणून सातही सायकली एकमेकींना टेकवून ठेवायच्या. एक सरकली की सगळ्या आडव्या. म्हणून पहिली धरून उभा राहणारा एक सभासद दर मोहिमेला आळीपाळीनं नेमला जाई. त्याला ‘आधारप्रमुख’ म्हणत. घंटी काढल्यामुळे समोर माणूस आला की सगळे मिळून "ओ, ओ, ओ" करत. आणि मडगार्ड नसल्यानं मागच्या चाकाचा चिखल पाठीवरून मानेपर्यंत उडे. ही चिखलाची पट्टी सभासदत्वाची खूण होती. घरी आल्यावर लगेच सदरा धुवायला द्यायचा नाही, आधी चौकात एक चहा प्यायचा, असा प्रघात होता. उन्हाळ्यात चिखल नसतो. तेव्हा पंचायतीचा पिण्याच्या पाण्याचा टँकर जिथं गळतो तिथून दोनदा सायकल न्यायची. पाण्याचा असा सदुपयोग आमच्या काळात कुणाला सुचला नव्हता.

आता माझा स्वतःचा या चळवळीत एक वाटा आहे, तो नोंदवणं भाग आहे. आम्ही मूळचे मेंढरंवाले. माझ्या सासऱ्यांचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. त्या घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि दोन पोरं एवढं बसायचं, आणि त्यावर कुणी मंडळ काढलं नाही. आमच्यात नवं जनावर दारात आलं की त्याचे गुडघे बघायचे, पाठ दाबून बघायची आणि बिरोबाचं नाव घेऊन भंडारा उधळायचा. मल्हारची सायकल आली तेव्हा मी तेच केलं. सवयीनं जरा जास्तच उधळला. साखळीला नवं तेल होतं. हळद तेलात बसली आणि सगळी साखळी पिवळीजर्द झाली. गिअरही एकाच जागी घट्ट बसले.

दुसऱ्या दिवशी पोपटराव खाली बसून साखळीकडे बघत राहिले.

"मल्ह्या, हे कुठलं ग्रीस रं?"

आईचं नाव सांगायची लाज वाटून मल्हार म्हणाला, "भायेरचं हाय."

पुढच्या रविवारी बाकीचे सहाही जण माझ्या दारात. कुणी डबी आणली होती, कुणी वाटी. मल्हारला मी विचारलं, खरं सांगू का? तो हात जोडून उभा राहिला. मी एकेक मूठ भंडारा दिला. गिअर सातही सायकलींचे बसले, पण वापरात प्रत्येकी एकच असल्यानं कुणाची गैरसोय झाली नाही. उलट पोपटरावांचं म्हणणं पडलं की सायकल आता जास्त पळते.

हे सगळं चांगलंच चाललं होतं. अडचण एवढीच होती की मल्हारचं लग्न जमत नव्हतं. तिशीला टेकलेला, कारखान्यात कंत्राटावर. तीन ठिकाणांहून नकार आला होता. चौथं ठिकाण दौंड तालुक्यातलं, राहूचं. मुलगी सुषमा, बारावी झालेली, नाकीडोळी नीटस आणि (हे मला जास्त आवडलं) उलट उत्तर देणारी. तिचे वडील मारुतराव. तेही मूळचे मेंढरंवाले, आता नदीच्या पाण्यावर शेवंती करतात. पण त्या घरात शब्द चालतो तो त्यांच्या आईचा, नकुशीबाईंचा. हे ठिकाण गेलं तर पाचवं येणार नाही, हे मला कळत होतं.

घर बघायला नकुशीबाई आणि मारुतराव आले. घर बघणीला गोठा भरलेला दिसावा म्हणून शेजारच्या दोन म्हशी आणून बांधायची आपल्याकडे रीत आहे. मी बांधल्या. मंडळानंही आपलं कर्तव्य ओळखून पोपटरावांच्या टेम्पोतून सहा सायकली आणल्या आणि गोठ्यात ओळीनं एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. टेम्पो लगेच कांदा घेऊन शिरूरला गेला. मल्हारची सायकल ओट्यावर खुंटीला टांगलेली होती, देवाच्या फोटोच्या शेजारी.

नकुशीबाई काठी टेकत गोठ्यात शिरल्या.

"ह्या दोन म्हशी तुमच्या न्हाईत."

"कशावरनं म्हणता मावशी?"

"तुमच्याकडं बघतच न्हाईत."

मारुतरावांनी पलीकडं बोट दाखवलं.

"अन् ह्या सायकली?"

"यातली एक बी आमची न्हाई," मी म्हणाले. एकदा पकडलं गेल्यावर खरं बोललेलं बरं दिसतं. "आमची वर टांगलीय."

"दूध कशावर जातं?" नकुशीबाईंनी विचारलं.

"डोक्यावर."

"दळण?"

"ते बी."

"मग हिच्यावर काय जातं?"

पोपटराव पुढं झाले. "आजी, हिच्यावर पाण्याची बाटली जाती."

नकुशीबाईंनी मान हलवली, जशी डॉक्टर हलवतात. मग मेंढीची पाठ चाचपावी तशी त्यांनी पहिल्या सायकलीची सीट दाबून बघितली. त्या दिवशी आधारप्रमुख म्हस्कू होता आणि तो पोहे खात होता. सहाच्या सहा सायकली आडव्या झाल्या, आणि शेवटची नकुशीबाईंच्या पायावर.

घोटा बघता बघता सुजला. त्यांना चालता येईना. मी म्हणाले, मावशी, रातच्याला ऱ्हावा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी मलाच चूक कळली. मुलीकडच्यांनी मुक्काम केला म्हणजे सोयरीक ठरली, असा आमच्यातला रिवाज. त्यांना राहायचं नव्हतं, आणि शेवटची एसटी फाट्यावर यायची वेळ झाली होती. फाटा दोन-अडीच किलोमीटर. टेम्पो शिरूरला. मोटारसायकल विकलेली. दारात सात सायकली, एकशे सत्तेचाळीस गिअर, आणि एका म्हातारीला बसायला जागा नाही.

मंडळाची तातडीची सभा तिथंच भरली. म्हस्कूनं मांडलं की आजींना पुढच्या दांड्यावर बसवावं. दांडा उतरता असल्यानं ते फेटाळलं. दुसऱ्यानं मांडलं की सीटवर आजींना बसवून सहा जणांनी ढकलावं. आजी नऊवारीत असल्यानं ते मारुतरावांनी फेटाळलं. पोपटराव म्हणाले, पुण्यात एक जोडायचं कॅरिअर मिळतं, अत्यंत हलकं, सोमवारी आणता येईल. त्यावर विचार करण्याचं ठरलं.

तोवर मल्हार उठला. त्यानं नकुशीबाईंना विचारलं नाही की मला विचारलं नाही. पाठ करून खाली बसला, त्यांचे हात गळ्यात घेतले, आणि लंगडी मेंढी कळपामागं राहिली की आमची माणसं उचलून घेतात तसं त्यांना उचलून वाटेला लागला.

मागून मारुतराव, हातात काठी आणि आईची चप्पल घेऊन. त्यांच्या मागून मी. माझ्या मागून मंडळ, सायकली हातात धरून. म्हातारं माणूस पुढं असताना चढून बसणं बरं दिसत नाही, आणि तीन पायडल वाकली होती.

वाटेत नकुशीबाई पाठीवरून बोलतच होत्या.

"डाव्या अंगानं चाल. तिकडं खड्डा हाय."

"व्हय आज्जी."

"हे असं मेंढरू उचलाय कुणी शिकवलं?"

"आज्यानं."

"अन् ते सायकल टांगायचं?"

मल्हारनं त्यांना पाठीवर जरा वर सरकवलं. "आज्जी, जास्त बोलू नगा. वजन वाढतंय."

मला वाटलं, संपलं. चौथं ठिकाणही गेलं. पण त्या हसल्या की खोकल्या ते मला मागून कळलं नाही. एसटीत बसताना एवढंच म्हणाल्या, "उत्तर राहूला येऊन न्या."

(मंडळाच्या वहीत ही त्या वर्षातली सर्वांत लांबची मोहीम म्हणून लिहिली गेली. पोपटरावांचा सत्कारही झाला.)

आठवड्यानं मी एकटीच राहूला गेले. पिशवीत साखर घेतली नव्हती. नकार आला तर ती परत वागवत आणायला लागली असती.

मारुतरावांचं घर चांगलं. समोरच्या खोलीत मधोमध मोठा सोफा. पुण्याहून शेवंतीच्या पैशातून आणलेला, तांबडा, दुकानाच्या प्लॅस्टिकसकट. प्लॅस्टिकवर वरून चादर, चादरीवर वरून भरतकामाचा रुमाल. त्याच्यापुढं खाली घोंगडीवर नकुशीबाई बसलेल्या. सुजलेला पाय उंच ठेवायला सांगितला होता म्हणून तो पालथ्या घमेल्यावर ठेवला होता. सुषमा दारातून बघत होती.

माझ्या जिभेवर चार वाक्यं आली. चारही चांगली होती. लेकाचा चेहरा आठवून मी ती गिळली. उभ्या आयुष्यात मला इतकं जड काही गेलं नाही.

नकुशीबाई माझ्याकडे बघत होत्या. "बोला की. पोटात ठिवू नगा."

"काय बोलू? छान हाय."

"दोन वर्सं झाली आणून."

"दिसतंय."

मी पुढं होऊन त्याच्या कडेला टेकायला लागले. एसटीत उभं राहून पाय मोडून आले होते.

"अंहं," नकुशीबाई म्हणाल्या. "तिथं न्हाई. तो पाव्हण्यांसाठी हाय."

मी तशीच वाकलेली राहिले. "मग मी कोण?"

त्यांनी घोंगडीवर थोडं सरकून जागा केली. "तुम्ही आता पाव्हण्या कुठं ऱ्हायल्या, ईनबाई? बसा खाली."

दारातून सुषमा आत पळाली. मी खाली बसले. सोफ्याचं प्लॅस्टिक माझ्या पाठीला कुरकुरलं. तिथं बसूनच आम्ही तारीख काढली, चहा घेतला आणि दोघींनी मिळून मान्य केलं की सोफा फार सुंदर आहे.

वाचणारे शहाणे असतात, त्यामुळे इथवर हसले असतील. हसावं. फक्त हे वाचताना तुम्ही कुठं बसला आहात, आणि घरातली चांगली जागा कुणासाठी झाकून ठेवली आहे, तेवढं मान वळवून एकदा बघून घ्यावं.