व्यंकटकाकांची तिसरी गादी

व्यंकटकाकांच्या तोंडून मी बारा वर्षांत ‘नाही’ ऐकलं नव्हतं. लातुरात आमची भिंतीला भिंत. एकदा बसस्टँडवर एकानं त्यांना विचारलं, “नांदेडची गाडी इथंच लागते ना?” काका म्हणाले, “हाव की!” तो बिचारा दुपारपर्यंत निलंग्याच्या फलाटावर बसून होता. मी जाब विचारला, तर म्हणाले, “किती भरवशानं विचारून राहिला होता! त्याला न्हाई कसं म्हणावं?”

काकू दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून उचलून काकांची कंबर गेली आणि ते मी काम करतो त्याच दवाखान्यात आले. मी तिथं एक्स-रेचं मशीन चालवतो. मणक्याची नेमकी कुठली गादी दुखते ते फोटोत कळेना. म्हणून डॉक्टरांनी एकेका गादीत सुईनं औषध भरून बघायचं ठरवलं. जिच्यात रोजचीच कळ उठेल, तिचं ऑपरेशन. सगळी भिस्त पेशंटच्या खऱ्या उत्तरावर! मी कपाळाला हात लावला.

पहिली गादी ठणठणीत होती, ती नुसती पडताळ्यासाठी.

“काका, रोजच्यासारखंच दुखतंय?”

“हाव की!”

दुसरी. “हाव की, साहेब!”

डॉक्टरांना शंका आली. त्यांनी काहीच न करता विचारलं, “आणि आता?”

“आता तर लईच!”

तिसऱ्या गादीत औषध गेलं आणि काकांनी टेबलाची कड गच्च धरली. पायाची बोटं वळली, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर एक्स-रेच्या पडद्याकडे बघत होते.

“हेच का ते दुखणं?”

“न्हाई,” काका म्हणाले. “हे माझं न्हाईच.”

डॉक्टरांनी वैतागून ऑपरेशन लांबणीवर टाकलं. काका खूश.

घरी येताना रिक्षात मी त्यांना फैलावर घेतलं. “खोटं का बोललात?”

काका म्हणाले, “ऑपरेशन झालं की तीन महिने वजन उचलायचं न्हाई म्हणतेत. मग तुझ्या काकूला न्हाणीत कोण नेईल?”

“आम्ही आहोत की.”

“तसं न्हाई, बाबा. दुसऱ्या कुणी हात लावला की लाजते ती. रडते.”

मला त्यांचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना तिसऱ्या गादीचं खरं सांगायला निघालो. निघताना बायकोला म्हटलं, “आजपासून रोज काकूंची वेणी घालायला जात जा. तुझ्या हाताची त्यांना सवय होऊ दे.”