चंद्रमौळींचा कोळसा

"ह्या उन्हाळ्यांत अख्ख्या मद्रासचीं झाडें वाळतील, आपला कढीलिंब बरीक वाळणार नाहीं!" चंद्रमौळी रावांनी रविवारी सकाळी कॉफीचा टंबलर खाली ठेवत जाहीर केलं.

त्यांच्या बायकोने, अंबुजाने, रिकामा टंबलर उचलला. बोलण्यासारखं खूप होतं. मागच्या वर्षी याच माणसाने मुंग्यांचं लक्ष साखरेवरून उडावं म्हणून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गूळ ठेवला होता. मुंग्यांनी दोन्हीकडे सारखंच लक्ष दिलं.

चंद्रमौळी गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात हिशेब पाहायचे आणि अड्यारच्या घरी येऊन उरलेल्या जगाला सुधारायचे. गेल्या आठवड्यात ते एका परदेशी शास्त्रज्ञाच्या व्याख्यानाला गेले होते. खरं म्हणजे सभागृहात पंखे चांगले होते आणि शेवटी कॉफी होती. पण कॉफी यायला उशीर झाला, त्यामुळे व्याख्यान ऐकावं लागलं. अमेझॉनच्या जंगलातले लोक म्हणे फार पूर्वी मातीत कोळसा पुरायचे. कोळशाला असंख्य भोकं, भोकांत पाणी धरून राहतं, आणि ती माती अजून काळीभोर, अजून सुपीक!

"कोळसा?" अंबुजाने विचारलं.

"कोळसा. शेणाच्या पाण्यांत भिजवून झाडाच्या मुळाशीं. मग पाणी घालणें नको, कांहीं नको."

"तें झाड अप्पांचें आहे. ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. हे घर घेतलं तेव्हा अंबुजाच्या वडिलांनी तंजावरहून ते रोप मांडीवर ठेवून आणलं होतं आणि स्वतःच्या हाताने परसात लावलं होतं. पुढचा पोंगल त्यांनी पाहिला नाही. अंबुजा रोज तांदळाचं धुवण त्या झाडाला घालायची, आणि घालताना त्याच्याशी दोन शब्द बोलायची. या उन्हाळ्यात नळ नुसते सुस्कारे टाकत होते. पाण्याची लॉरी कधी येईल ते लॉरीलाच ठाऊक. धुवणाने आता भांडी विसळावी लागत होती. झाडाची पानं कडेने पिवळी पडली होती आणि ते पाहून अंबुजाचा जीव तुटत होता.

"झाडास कांहीं झालें," ती म्हणाली, "तर मी तुमच्याशीं बोलणार नाहीं."

चंद्रमौळींना हसू आलं. विज्ञान आपल्या बाजूला असताना माणसाला कशाचीही भीती वाटत नाही.

त्यांनी झाडापासून चार हातांवर खड्डा खणला आणि आत विटा लावल्या. विटा सरळ असल्यामुळे खड्डा चौकोनी झाला. शेजारी शेणकाल्याचं मडकं होतं, आठवडाभर मुरलेलं. पलीकडे करवंट्या, वाळक्या काटक्या, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे अशी नीट रास. मे महिन्याची दुपार म्हणून त्यांनी सदरा काढला. पंचा नेसून, उघड्या अंगावर जानवं घेऊन ते विटांसमोर पाटावर बसले आणि खड्डा पेटवला.

कृती त्यांनी तोंडपाठ केली होती. खालच्या थरावर पांढरी राख दिसू लागली की वरून नवा थर घालायचा. ज्वाला वरच राहिली पाहिजे. शेवटी निखारे एकदम विझवायचे, जरा उशीर झाला की सगळ्याची राख! विसरू नये म्हणून ते पुटपुटत होते, "थर, ज्वाला, थर, ज्वाला..." आणि दर थोड्या वेळाने मूठभर काटक्या आत टाकत होते.

शेजारच्या कोदंडपाणींनी भिंतीवरून डोकं वर काढलं ते नेमकं याच वेळी. कोदंडपाणी पोस्टातून निवृत्त झाले होते, पण बातमी घरोघर पोचवण्याचं काम त्यांनी सोडलं नव्हतं.

"राव सार," त्यांनी तमिळमध्ये दबक्या आवाजात विचारलं, "वरुणयागमा? पावसासाठी?"

चंद्रमौळींना त्या क्षणी मान वळवणं शक्य नव्हतं. खालचा थर पांढरा व्हायला लागला होता. त्यांनी फक्त हात वर करून गप्प राहण्याची खूण केली.

कोदंडपाणी गहिवरले. मौन! एवढ्या उन्हात, गावासाठी, कुणाला न सांगता! त्यांनी तिथल्या तिथे चपला काढल्या आणि अनवाणी गल्लीत धावले.

काटक्यांचा पुढचा थर पडेपर्यंत परसात माणसं मावेनाशी झाली. कुणी तूप आणलं, कुणी कापूर, कुणी नारळ. "अहो, हा याग नाही!" असं चंद्रमौळी तमिळमध्ये दोनदा म्हणाले, पण तोवर बायकांनी शंख फुंकला होता. कुणीतरी वाटीभर तूप आगीत ओतलं. ज्वाळा कढीलिंबाच्या उंचीला गेल्या!

"तूप नको! राख होईल!" चंद्रमौळी ओरडले.

"किती विनय," कोदंडपाणी म्हणाले.

एवढ्यात सायकलवरून वाद्यार आले. गल्लीतली सगळी लग्नं, बारशी, श्राद्धं याच भटजींच्या हातची. आपल्याला न बोलावता याग सुरू झाला याचा त्यांना राग आला होता. पण खड्ड्याचे चारही कोन बरोबर होते, समिधा रचलेल्या होत्या, आणि मडक्यात डोकावून पाहिल्यावर तर त्यांचा राग मावळलाच. "पंचगव्यसुद्धा तयार!" म्हणत त्यांनी आंब्याचं पान बुडवून ते सर्वांवर शिंपडलं. आठवडाभर मुरलेलं ते! पण एकानेही नाक मुरडलं नाही. जेवढा वास, तेवढं पुण्य.

"यजमानाची पत्नी कुठे आहे?" वाद्यार गरजले. "तिच्याशिवाय फळ नाही."

अंबुजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गल्लीतल्या बायकांनी तिला धरून आत नेलं, नऊवारी नेसवून बाहेर आणलं आणि नवऱ्याच्या शेजारी पाटावर बसवलं. रावांच्या घरी बोलतात ती तंजावरची मराठी त्या गल्लीत दुसऱ्या कुणालाच कळत नव्हती. अंबुजाने समोर पाहत, हात जोडून, एका सुरात सुरुवात केली.

"काय हें मांडलांत? लाज नाहीं वाटत?"

वाद्यारांनी कान टवकारले. हा मंत्र त्यांच्या ओळखीचा नव्हता. पण तंजावरच्या जुन्या घराण्यांकडे काय काय असेल, कुणी सांगावं? माहीत नाही असं चारचौघांत म्हणणारे ते वाद्यार नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. "स्वाहा!"

"स्वाहा!" गल्ली म्हणाली, आणि चमचाभर तूप आत गेलं.

"मी काय करूं? हेच येऊन बसले!" चंद्रमौळी.

"स्वाहा!"

"झाडाचीं पानें होरपळलीं, बघा तिकडे!"

"स्वाहा!"

"कोळसा झाला आहे, आतांच विझवावें लागेल. पाणी आण!"

"घरांत एक घागर आहे. पिण्याची. देणार नाहीं!"

"स्वाहा!" या वेळी तूप जरा जास्तच पडलं, कारण मंत्राला जोर आला होता.

चंद्रमौळी घामाने न्हाले होते. समोर करवंट्यांचा उत्तम, ठणठणीत, निळसर झाक असलेला कोळसा तयार होता, आणि तो डोळ्यांदेखत राख होऊ लागला होता. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

लॉरी! पाण्याची लॉरी!

याग क्षणात ओस पडला. एक वाद्यार सोडले तर सगळे घागरींकडे धावले, आणि वाद्यारही सोवळ्यात नसते तर गेले असते. पण गल्ली परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. अग्नी धगधगत असताना वरुण दारात उभा राहिला! "राव सारना पहिला मान," असं म्हणत प्रत्येकाने आपल्या घागरीतलं ओंजळभर पाणी खड्ड्यात ओतलं. चर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला, आणि कोळसा विझला. अगदी वेळेवर! उरलेलं पाणी विटांच्या फटींतून कढीलिंबाच्या मुळांकडे झिरपलं.

चंद्रमौळींना वाटलं, जिंकलो. ते कोळसा काढायला खड्ड्यात वाकले, तोच वाद्यारांनी त्यांचा हात धरला.

"रक्षै मी वाटणार."

होमाचा कोळसा तुपात खलून रक्षै म्हणून कपाळाला लावतात, हे चंद्रमौळींना लहानपणापासून ठाऊक होतं. एवढा लावतात हे ठाऊक नव्हतं. आधी कपाळं झाली, मग घरी राहिलेल्यांसाठी पुड्या झाल्या, मग कुणाच्या गावी असलेल्या सुनेसाठी, जावयाच्या नव्या स्कूटरसाठी. खड्डा खरवडून निघाला. तरी रांग संपेना. तेव्हा वाद्यारांनी इकडेतिकडे पाहिलं, यागाच्या सर्वांत जवळ असलेल्या झाडाखाली गेले आणि एकेक पान तोडून प्रसाद म्हणून देऊ लागले.

चंद्रमौळींनी दोन्ही हात पसरून झाडाला मिठी मारली. "झाड नको! पाया पडतो, झाड नको!"

वाद्यारांनी ती भक्ती पाहून त्यांच्या हातातसुद्धा एक पान ठेवलं.

सगळे गेल्यावर परसात अंबुजा उभी होती आणि तिच्यासमोर अप्पांचं झाड, खराट्यासारखं. ती रडली. मोठ्याने नाही, पदर तोंडाला लावून. चंद्रमौळींना आयुष्यात पहिल्यांदाच कसलीही योजना सुचली नाही. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि अंबुजाने शब्द पाळला. ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी परसाचं दार वाजलं. कोदंडपाणींची बायको तांब्याभर पाणी घेऊन आली होती. तिने झाडाला हळद-कुंकू वाहिलं, पाणी घातलं, तीन प्रदक्षिणा घातल्या आणि निघून गेली. तिच्यामागून दुसरी आली, मग तिसरी. यागाच्या वेळी उभं होतं ते झाड! त्या उन्हाळ्यात अड्यारच्या त्या गल्लीत माणसं दिवसाआड अंघोळ करत होती, पण कढीलिंबाला रोज डझनभर तांबे पाणी मिळत होतं. महिना सरायच्या आत प्रत्येक फांदीला कोवळी, तांबूस पालवी फुटली. अंबुजाने ती पाहिली आणि तिचा चेहरा इतका उजळला, की चंद्रमौळींनी ऑफिसात कोळशाच्या उपयुक्ततेबद्दल छोटंसं भाषणच दिलं.

त्या दिवशी अंबुजाने फोडणीसाठी म्हणून झाडाकडे हात नेला.

"मामी!" भिंतीवरून कोदंडपाणी किंचाळले. "सामीचं, देवाचं झाड ते! तोडायचं नाही!"

"माझ्या अप्पांनी लावलेलें आहे," अंबुजा म्हणाली, आणि मग तेच तमिळमध्ये म्हणाली.

"म्हणूनच. पुण्यवान माणूस. शुक्रवारी पूजेनंतर वाद्यार एकेक पान देतात. तेव्हा या."

शुक्रवारी चंद्रमौळी आणि अंबुजा आपल्याच परसात रांगेत उभे राहिले. रांग बरीच लांब होती. वाद्यारांनी चंद्रमौळींना एक पान दिलं, आणि अंबुजाला यजमानीणबाई म्हणून दोन. तिने ती तिन्ही पानं पदरात बांधून घरात नेली. कितीतरी दिवसांनी घरात अप्पांच्या कढीलिंबाच्या फोडणीचा वास दरवळला. सांबार वाढताना अंबुजा महिन्याभरात पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली. "पुरे कां, आणखी वाढूं?"

चंद्रमौळींचा ऊर भरून आला. त्यांनी भात कालवला, पहिला घास घेतला, घासात काहीतरी लागलं म्हणून दोन बोटांनी अलगद काढलं आणि जन्मभराच्या सवयीने ताटाच्या कडेला ठेवून दिलं.

अंबुजाच्या हातातली पळी तिथेच थांबली. तिने त्या पानाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

चंद्रमौळींनी पान उचललं, तोंडात टाकलं आणि देठासकट चावून गिळलं.

"आणखी वाढ," ते म्हणाले.