तोंडाने बार उडवणारे सोपानराव

२० जानेवारी १९७४, रविवार सकाळ. जिंतूरबाहेरचा कोरडा ओढा. हजर: जिनिंगचे मुनीम शेखचाचा, दवाखान्यातले कंपाउंडर वामनराव, सोपानराव, आणि मी, नेमबाजी मंडळाची चिटणीस. शाळेत एन.सी.सी. माझ्याकडे, म्हणून हे पदही माझ्याच गळ्यात. पाहुणे: परभणीच्या कलेक्टर कचेरीतून जीपने आलेले एक मोठे साहेब.

सोपानराव तोंडाने बंदूक उडवतात, हे साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही बाकीचे छऱ्याच्या बंदुकीने डालड्याचे रिकामे डबे पाडतो. परवान्याची दुनळी बंदूक एकट्या सोपानरावांकडे. डब्यावर त्यांचा नेम चुकलेला मी पाहिलेला नाही. पण डबे संपले की हा गडी काडतुसं काढून ठेवतो आणि रिकामी दुनळी घेऊन माळावर शिरतो. वारा बघतो, कोपरांवर सरपटतो, काळवीट टप्प्यात आलं की बंदूक खांद्याला लावतो आणि ओरडतो, "ठो!" कळप उधळतो. हे धोतर झटकत परत.

"दोन झाले बाई आज. लिहून घ्या."

मी लिहीत नाही. मंडळाचा हिशेब फक्त डब्यांचा.

"सोपानराव, मटन कब खिलाते?" शेखचाचा विचारतात.

"तुमी तांदूळ धुवा चाचा, आणायलोच."

तरुणपणी त्यांनी भरपूर शिकार केली आहे आणि त्याची त्यांना लाज नाही. हरणाच्या मटणाची चव सांगताना अजून डोळे मिटतात. मग का सोडली? "सोडली. तुमाला काय करायचंय?"

साहेबांना डब्यांत रस नव्हता. त्यांना काळवीट हवं होतं. शिकारीला आता बंदी आहे, असं मी म्हटलं.

"कायद्याचं मी बघतो," साहेब म्हणाले आणि सोपानरावांकडे वळले. "तुमच्या परवान्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?"

सोपानराव पुढे झाले. ज्वारीच्या कडेला कळप उभा होता. "पहिला बार तुमचा," म्हणत साहेबांनी स्वतःच्या हाताने दुनळीत काडतुसं भरली. सोपानरावांनी नेम धरला. इतका वेळ धरला, की वामनरावांनी कानांत बोटं घातली.

"ठो!"

सगळा कळप हवेत. क्षणात माळ रिकामा.

"हे काय हो?" साहेब ओरडले.

"लागला की साहेब. तो मोठा काळा. बरोबर खांद्यामागं."

"मग पडला कुठं?"

"आमच्यात पडत न्हाई."

परवाना गेला. दुनळी चौकीत जमा झाली. वामनरावांनी तोड काढली: माफीचा अर्ज केला तर परत मिळेल. मी अर्ज लिहिला आणि सहीसाठी सोपानरावांच्या घरी गेले.

ते ओसरीवर बसले होते. समोर तेलाची बाटली, हातात फडकं.

"रोज संध्याकाळी पुसायचो तिला. मंडळी वारल्यापासून घरात तेवढंच काम होतं बगा हाताला."

मी अर्ज पुढे केला. त्यांनी 'दिलगीर' या शब्दावर बोट ठेवलं.

"हे न्हाई जमणार, बाई."

"हरणांसाठी एवढं?"

"हरणांचं काय घेऊन बसलाव? माझी बी ज्वारी खातेत ते." मग आवाज खाली आला. "माझंच बोट आवळायलं होतं. लय दिवसांनी भरलेली बंदूक, समोर असा नर. अजून जरा गेलं असतं तर पाडलाच असता मी. ओरडलो म्हणून बोट सैल पडलं." फडक्याची घडी घालत ते म्हणाले, "त्या ओरडण्याची माफी मागू? कुनाला बी मागणार न्हाई. राहू द्या तिला चौकीत."

घरी येऊन मी अर्ज फाडला आणि नवा लिहिला. त्यात माफी नाही, दिलगिरी नाही. शिकारीला बंदी असलेलं जनावर मारलं नाही म्हणून परवाना गेला, तो परत द्यावा, एवढंच. खाली साक्षीदार म्हणून माझी सही. वामनरावांनी वाचून हात जोडले, "बाई, माझं नाव नका घालू." शेखचाचांनी मात्र न वाचताच सही ठोकली.

सोपानरावांची सही अजून घ्यायची आहे.