पहिल्या तीन ओळी

निकाल शोधायची वेबसाइट आली तेव्हापासून तालुक्याच्या कोर्टात निकालातले पक्षकार स्वतः येऊ लागले. शब्द टाकला, बटण दाबलं, की पाच-दहा मिनिटांत ते बाररूमच्या व्हरांड्यात उभे राहत. मेलेलेही येत. वेबसाइटला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

शलाका गुंजाळला वकिली सुरू करून आठ महिने झाले होते. त्या दिवशी दुपारी तिला सोपान रणपिसे यांच्या बाजूनं युक्तिवाद करायचा होता. सोपानकाकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान एकेचाळीस वर्षांचं. दुकानामागच्या खोलीतच ते राहत. मालकाला मुलासाठी तो गाळा हवा होता. त्याच रस्त्यावर मालकाचा दुसरा गाळा रिकामा पडून होता. असा मालक हरल्याचा एक तरी निवाडा हवा होता.

सकाळी साडेदहाला तिनं ‘गाळा’ आणि ‘गरज’ हे शब्द टाकले. तीनशे बारा माणसं आली.

पहिला म्हैसचोर निघाला.

“तुमचा काय संबंध?” शलाकानं विचारलं.

“सहाव्या पानावर आहे ना. ‘आरोपीस म्हशीची गरज नव्हती.’”

“आणि गाळा?”

“तो म्हशीच्या पायातला गाळ. जवळचा शब्द म्हणून धरलाय.”

त्याच्यामागे घटस्फोटाची अकरा जोडपी होती. मग एकच गृहस्थ तीनदा आले: एकदा खालच्या कोर्टाचे, एकदा अपिलातले, एकदा त्याच्याही वरचे. प्रत्येक वेळी त्यांनी नाव, गाव, दावा क्रमांक पहिल्यापासून सांगितलं. मधे थांबवायची सोय नव्हती. सोपानकाका कोपऱ्यात टोपी हातात धरून बसले होते.

“पोरी, एवढ्यांत आपला कोण?”

“बघतेय काका.”

दीड वाजता दोनशे सदुसष्टावे नथू वाघमोडे पुढे आले. अंगावर पीठ होतं. त्यांची गिरणी होती.

“नथू वाघमोडे, भाडेकरू,” ते म्हणाले. “मालकानं मुलासाठी जागा मागितली. मालकापाशी दुसरा रिकामा गाळा असताना त्यानं गरज सांगितली, तर—”

तोंड मिटलं.

“तर काय?” शलाका उठून उभी राहिली.

नथूंनी गळ्याकडे बोट केलं. “पुढचं वर्गणीदारांना.”

शलाकाची चौदा दिवसांची फुकटची मुदत त्याच सकाळी संपली होती. ती शेडगे वकिलांकडे धावली. त्यांच्या हाताखालीच ती काम शिकत होती.

“वर्गणी आहे की माझी,” शेडगे म्हणाले. “पासवर्ड आधीच्या ज्युनिअरला ठाऊक.”

“फोन लावा ना, सर.”

“तो न्यायाधीश झाला. आता कुठल्या तोंडानं विचारू?”

ती परत आली तेव्हा सोपानकाकांनी नथूंना चहा दिला होता. दोघं पायरीवर बसले होते. बाकी सगळं नथूंना बोलता येत होतं. जात्याचा दगड, बायकोचा दमा, गावातली वीज.

“निदान जिंकलात का, एवढं तरी सांगा,” सोपानकाका म्हणाले.

नथूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी कसलं, तेही सांगायची परवानगी नव्हती.

अडीचला पुकारा झाला. शलाकानं नथूंना न्यायाधीशसाहेबांपुढे उभं केलं. साहेबांनी ऐकलं, मान वर केली.

“पूर्ण मजकूर?”

“पहिल्या तीन ओळी आहेत, साहेब.”

“तीन ओळींवर मी काय लिहू?”

मालकाच्या वकिलाकडे वर्गणी होती. त्याची सहा माणसं इस्त्रीचे कपडे घालून आली, ओळीनं बोलली आणि शेवटपर्यंत बोलली. पुढच्या सोमवारी निकाल झाला: गाळा तीस दिवसांत रिकामा करावा. तिसाव्या दिवशी सोपानकाकांनी किल्ली शलाकाच्याच हाती दिली. “तूच पोचव. त्याच्या दारात मी जायचा नाही.” चौथ्या महिन्यात लेकीच्या घरी ते वारले. निकाल तोवर वेबसाइटवर चढला होता.

पावसाळ्यानंतर एक शिंपी शलाकाकडे आला. त्याच्याही मालकाला मुलासाठी गाळा हवा होता. तिनं तेच शब्द टाकले. या वेळी तीनशे तेरा आले. म्हैसचोरानं तिला ओळख दिली.

सगळ्यांत शेवटी सोपानकाका होते. खिशातून पाना डोकावत होता.

“बसा ना, काका.”

“आधी सांगू दे. सोपान रणपिसे, भाडेकरू. मालकानं मुलासाठी जागा मागितली. त्याच रस्त्यावर मालकाचा दुसरा गाळा रिकामा असताना—”

तोंड मिटलं.

पुढचं शलाकाला पाठ होतं. पण पूर्ण मजकूर तिच्याकडे नव्हता. तिनं वहीत तीन ओळी उतरवून घेतल्या आणि खाली रेघ मारली.

सोपानकाका पायरीकडे गेले. नथू वाघमोड्यांनी सरकून जागा दिली.