लांडगेमाळचे वाहते नळ

निजामभाई जादूगार यांच्याकडे 'नजरबंदी' हे जादूगारांचे त्रैमासिक येते, हे लांडगेमाळ ग्रामपंचायतीला आधीपासून ठाऊक होते. त्याचा सार्वजनिक उपयोग होऊ शकतो, हे मात्र आदर्श गाव स्पर्धेची समिती येणार असे कळल्यावरच ध्यानात आले. कवठे महांकाळच्या पलीकडे माळ चढून गेले की हे गाव लागते. इथे वारा पोटभर, ऊन पोटभर, आणि पाणी टँकरने.

सरपंच शंभूराज स्वतः निजामभाईंच्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी अंक चाळायला घेतला. अंकात काय नव्हते? रुमालाचे प्रयोग, अंड्याचे प्रयोग, दोरीचे, पत्त्यांचे. पंगतीत बसल्या बसल्या करायचे, सासुरवाडीत करायचे, लहान मुलांसमोर चुकूनही न करायचे. सरपंचांनी एका हातात स्पर्धेचे निकष धरले, दुसऱ्या हातात अंक, आणि लग्नाच्या पत्रिका जुळवाव्या तसे दोन्ही जुळवत गेले.

"स्वच्छता. आपला उकिरडा हाय. 'हत्ती अदृश्य करणे'. जमंल?"

"काळा पडदा लागंल, मोठा," निजामभाई म्हणाले.

"वृक्षारोपण. 'कोयीपासून क्षणात आंबा'. हे तर आपल्यासाठीच छापलंय गड्या! वाचनालय. 'रिकाम्या पेटीतून काहीही'. आता ऱ्हायलं पाणी."

पाण्यासाठी 'अखंड तांब्या' निघाला. या तांब्याच्या पोटात दुसरे पोट असते. उपडा केला की रिकामा दिसतो. काठाजवळच्या भोकावरचा अंगठा उचलला की आतले पाणी पुन्हा धार धरते.

"एवढं करा निजामभाई," सरपंच म्हणाले, "पयला खरा नळ तुमच्या दारात. शब्द दिला."

निजामभाईंच्या पत्नी मेहरुनबी यांची उभी हयात टँकरच्या रांगेत गेलेली. नवऱ्याने त्यांना टोपीतून कबूतर काढून दिले होते, कानामागून नाणे काढून दिले होते. पाणी काही कुठूनच काढता आले नव्हते.

"आवं, नळ खरा देणार न्हवं? का तुमच्यासारखा?"

"सरपंचाचा शब्द हाय."

"म्हंजे तुमच्यासारखाच," मेहरुनबी म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांनी दारातली जागा झाडून ठेवली.

दारोदारी नळ बसले. प्रत्येक नळामागे, भिंतीआड, पत्र्याचा एक भलामोठा अखंड तांब्या, आणि तांब्यापाशी घरची एक बाई, भोकावर अंगठा दाबून. तांब्यात पाणी कुठले? ज्याच्या त्याच्या घरचे, पिण्याचे. आदर्श व्हायचे तर थोडी तहान सोसावी, असा ठराव एकमताने झाला. अंगठ्याला मुंग्या आल्या तशी त्या बायांतल्या भामाबाईने भिंतीआड हळूच ओवी धरली:

दारी आला नळ बाई, पितळेची त्याची मान
माझ्याच रांजणाचं, करी मलाच गं दान

समिती आली. उकिरडा दिसला नाही. आंबा उगवला. पेटीतून ग्रंथ निघाले. अध्यक्षांनी नळ सोडला, पाणी आले. बंद करून पुन्हा सोडला, पुन्हा आले.

"दिवसभर असतं?"

"रात्री तर आवरत न्हाई साहेब," सरपंच म्हणाले.

अध्यक्षांचा ऊर भरून आला. त्यांनी चालकाला हाक मारून सांगितले, "जीप धुऊन घे रे." जीप दारोदार फिरू लागली. एका दारात पुढची काच धुतली, दुसऱ्या दारात मागची, तिसऱ्या दारात टायर. भिंतीआड एकेक अंगठा उचलला जात होता, एकेक रांजण जीपच्या अंगावरून वाहत होता.

"निजामभाई," भामाबाई भिंतीआडून फुसफुसली, "सायबाला इचारा, जीपला पावडरबी लावायची का?"

लांडगेमाळला पहिला क्रमांक मिळाला. लागलीच टँकर बंद झाला, कारण नळाला वाहते पाणी असलेल्या गावास टँकर अनुज्ञेय नाही. सरपंचांनी मात्र शब्द पाळला. मेहरुनबींच्या दारात पितळी नळ बसला, फीत कापली, फोटो निघाला. नळ सोडला तेव्हा आतून थोडी हवा आली, आणि हवेमागून एक कोळी.

मेहरुनबींनी रिकामी घागर नवऱ्यापुढे ठेवली. "हापिसात जावा आन् सगळं खरं सांगा. टाळ्या घिऊन येऊ नगा, टँकर घिऊन या."

निजामभाईंनी तहसील कार्यालयात सगळे कबूल केले. पटावे म्हणून तांब्याही करून दाखवला. तिथले साहेब खूश झाले. शेजारच्या खोलीतली माणसे बोलावून त्यांनी प्रयोग पुन्हा करायला लावला. टाळ्या पडल्या.

"म्हणजे तुम्ही पट्टीचे जादूगार," साहेब म्हणाले.

"व्हय साहेब."

"मग गावात पाणी नाही हे आम्ही कशावरून खरं मानायचं? समितीनं ते डोळ्यांनी पाहिलंय. आता तुम्ही ते गायब करून दाखवताय."

"आवं साहेब, रांजण कोरडे पडल्यात!"

"तांब्यासुद्धा कोरडाच दिसत होता की."

निजामभाई तांब्या पिशवीत भरू लागले. शेवटी साहेबांनाच दया आली. गावाशी संबंध नसलेला, समितीत नसलेला, असा कोणी तटस्थ माणूस साक्षीला आणा, म्हणाले. टँकर सुरू करू. निजामभाईंनी खूप शोधले आणि तुमचे नाव दिले. तुम्ही लांडगेमाळचे नाही, समितीचे नाही, आणि पहिल्या ओळीपासून सगळे पाहत आला आहात.

कार्यालयाने तुमची साक्ष विचारात घेतली. ती नामंजूर झाल्याचे कालच कळवले आहे. जीप धुतली जात असताना सदर साक्षीदाराने पाणी थांबवण्यास सांगितल्याचे आढळत नाही, उलट तो हसला असल्याचे दिसते. सबब अहवालात 'उपस्थितांनी समाधान व्यक्त केले' अशी नोंद घेऊन प्रकरण बंद करण्यात आले आहे.