फलाटावर लागलेलं पाणी

"नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे. धरणाहून निघालेले व नेहमीप्रमाणे उशिरा धावणारे पाणी आता आपल्या गल्लीच्या फलाटावर लागत आहे. ज्यांनी नळाला मोटर लावली असेल, त्यांनी थोडी लाज बाळगावी."

लातुरात आमच्या गल्लीत पाणी आलं की ही घोषणा व्हायची. करणारे मन्मथअप्पा. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. निवृत्तीनंतर माइक सुटला, सवय सुटली नाही. घोषणा अगदी पुस्तकी भाषेत आणि ती संपली की त्याच दमात आपल्या बोलीत, "हे काय माणसानं राहायचं गाव हाय का, गुर्जी?"

गुर्जी म्हणजे मी. समोरच्या घरात राहतो, शाळेत शिकवतो आणि या प्रश्नाला कधीही उत्तर देत नाही.

आमच्याकडं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं आणि तेही मेल्यासारखं. वर चढत नाही, म्हणून नळ दारापुढच्या खड्ड्यात. अप्पांचं घर उताराला, त्यामुळं पहिला थेंब त्यांच्याकडं. त्यांच्या नळाला जुनी पितळी तोटी होती, ती कायम उघडी. पाण्याआधी तिच्यातून हवा फुसफुसायची. अप्पा खड्ड्याकाठी खुर्ची टाकून पेपर वाचत बसत, पण कान खड्ड्यात. फुसफुस झाली की पेपर टाकून उभे.

"शेख भाभी, नमाज झाली की हंडे लावा! शिंदे वहिनी, दूध उतरवा आधी, मग घागर!"

गल्ली धावायची. आणि सगळ्यांची भांडी भरेपर्यंत अप्पा गावाचा उद्धार करायचे. रस्ते बेकार, डास बेकार, उन्हाळा तर इत्ता बेकार की विचारू नका. शहाणा माणूस हितं राहत न्हाई. ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं होतं.

मात्र शिव्या देण्याचा मक्ता त्यांचा एकट्याचा. एकदा त्यांचे व्याही पुण्याहून आले आणि सहज बोलून गेले, "कसं राहता हो तुम्ही इथं?" अप्पांनी त्यांच्या हातात कळशी दिली. "पाणी आलंय. चार खेपा करा, मंग नावं ठिवा." व्याह्यांनी इस्त्रीच्या शर्टावर खेपा केल्या. पुन्हा काही ते लातूरला आले नाहीत.

मग गल्लीला डॉक्टर करायचं वेड लागलं. म्हणजे गावोगावच्या पोरांना डॉक्टर करणारे क्लासेस वाढले आणि आमची घरं वसतिगृहं झाली. भाभी लेकीकडं देगलूरला गेल्या, शिंदे संभाजीनगरला. जाताना प्रत्येकजण डोळे पुसायचा आणि चांगला भाव मिळाला म्हणून सांगायचाही. त्यांच्या घरांवर मजले चढले, बोअर पडल्या, टँकर येऊ लागले. एका पाटीवर लिहिलं होतं, 'गरम पाण्याची सोय.' अप्पा ती पाटी रोज वाचायचे. "गार पाण्याची बोंब, आन् हे गरम देतेत!"

घोषणा चालूच होती. खिडक्यांतून पोरं बघायची, हसायची, पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. धावायला उरलो मी आणि माझी बायको सुनंदा.

एका दुपारी फुसफुस ऐकून अप्पा घाईनं उठले आणि खड्ड्यातच पडले. हात मोडला. तशातही त्यांनी आधी घोषणा केली, मग ओरडले. मुलगा पुण्याहून आला. अप्पांची बायको कधीच वारलेली, घरात एकटा म्हातारा. मुलगा तरी काय करणार? घराचा सौदा झाला आणि प्लास्टर निघाल्यावर अप्पांना नेण्याचं ठरलं.

मला अप्पांचा राग आला. जाणाऱ्या सगळ्यांचाच येतो. पण यांनी जन्मभर गावाला शिव्या घातल्या म्हणून हे तरी राहतील, असं मला वाटायचं.

निघायच्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि अप्पा खड्ड्याकडं बोट दाखवून तणतणत होते. "बघा गुर्जी! तोटीबी ठिवली न्हाई चोरांनी! हे काय माणसानं राहायचं गाव हाय का?" मी वाकून पाहिलं. पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबलेली होती. अप्पा गाडीत बसले आणि मागं वळून न बघता गेले. गावाला शेवटची शिवी देऊन गेला माणूस, असं मी सुनंदाला कडवटपणे म्हणालो.

महिन्याभरात घर पाडलं. खड्डाही बुजवला.

परवा त्यांचा फोन आला. "पाणी आलं का, गुर्जी?"

"आत्ताच आलंय."

"फोन मोठ्या आवाजावर टाका. गच्चीत जावा."

मी गेलो, कठड्यावर फोन धरला. "नागरिकांनी कृपया लक्ष द्यावे..." पुण्याच्या फ्लॅटमधून आमच्या गल्लीत घोषणा झाली. शेजारच्या वसतिगृहाची एक खिडकी उघडली आणि बंद झाली. खाली सुनंदा एकटी कळशी घेऊन निघाली.

"तिथं बरंय ना, अप्पा?" मी विचारलं.

"चोवीस तास पाणी हाय. कुनी कुनाला हाकच मारत न्हाई." मग म्हणाले, "आमच्या घरचं भरलं का?"

समोर त्यांच्या घराच्या जागी नुसत्या सळया उभ्या होत्या. "भरलं, अप्पा."

"खोटं कशाला बोलायलाव, गुर्जी? तोटी तर माझ्यापाशी हाय."

मी मोठा आवाज बंद करून फोन कानाला लावला.

"मीच काढून आनली. हितं गॅलरीत खुर्चीपाशी ठिवलीय. दुपारचं कानाला लावून बसतो." फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. "हवाबी येत न्हाई तिच्यातनं."